साडेतीन वर्षांच्या लेकीसाठी नाशिकमध्ये बॅले क्लास, कोणाला माहितीये का?

इरूची_आई (इंदिरानगर)

नमस्कार, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी लेक साडेतीन वर्षांची आहे, जूनपासून नर्सरीत जायला लागली. गेले पाच-सहा महिने तिच्या डोक्यात बॅले शिरलंय. बहुतेक माझ्या नणंदेकडे टीव्हीवर बघितलं असावं, तेव्हापासून सकाळी डोळे उघडले की चवड्यांवर चालणं, हात वर गोल धरून गिरक्या, माझी ओढणी कमरेला गुंडाळून "आई बघ मी बॅले". आजी भाकऱ्या करत असते तेव्हा ही ओट्याशेजारच्या खुर्चीची पाठ धरून एक पाय मागे उचलून उभी राहते, मान वर, आणि आजीने बघेपर्यंत पाय खाली घेत नाही. आम्हाला वाटलं चार दिवसांचं वेड आहे, जाईल, पण जात नाहीये.

तर नाशिकमध्ये एवढ्या लहान मुलांना खरंखुरं बॅले शिकवणारं कोणी आहे का? महिनाभर शोधतेय. कॉलेज रोड, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, सगळीकडे बोर्डावर बॉलिवूड, हिपहॉप, कंटेम्पररी, झुंबा आणि शेवटी बॅले लिहिलेलं असतंच, फोन केला की "हो मॅडम सगळं शिकवतो, पाठवून द्या".

एका ठिकाणी ट्रायलला घेऊन गेले, नाव लिहीत नाही. आईवडिलांनी आत थांबायचं नाही म्हणाले, बाहेर चपलांपाशी बाकड्यावर बसा. मी काचेतून बघत होते. तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची वीस-बावीस पोरं एकत्र, गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून, दोनतीन जणं तर माझ्यासमोर घसरून पडली. आधी गॅदरिंगच्या गाण्याच्या स्टेप्स झाल्या, मग बॅलेचं स्ट्रेचिंग म्हणून सगळ्यांना तळवे जुळवून फुलपाखरासारखं बसवलं आणि सरांनी मागून येऊन इरूच्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि खाली दाबले. ती ओरडलीच. मी दार ढकलून आत गेले तर म्हणे पहिल्या दिवशी सगळेच रडतात, हिचे गुडघे आत वळलेत, बॅलेने सरळ होतील, सहा महिन्यांची फी एकदम भरली की ड्रेस फ्री. मी तिला उचललं आणि सरळ घरी आले. रात्री झोपताना म्हणाली, "आई, तिथलं बॅले दुखतं." तेव्हापासून मला चैन नाही.

आता माझे प्रश्न. एक तर हे वय लवकर आहे की आधीच उशीर झालाय? जाऊबाई म्हणतात तिसऱ्या वर्षी सुरू केलं नाही तर अंग वळत नाही. दुसरं, नणंदेने हौसेने ऑनलाइन शूज मागवून दिलेत, गुलाबी सॅटिनचे, रिबिनी असलेले, पुढून अगदी लाकडासारखे कडक, आणि एक नंबर मोठे म्हणजे वाढत्या मापाचे, ते घालू देऊ का? मी अजून कपाटावर ठेवलेत पण तिने बघितलेत, रोज मागते. आणि गुडघ्यांचं ते म्हणाले ते खरंय का? सासऱ्यांचं म्हणणं, आपल्याकडे कथ्थक आहे ना चांगलं, त्यालाच घाला. मुंबईला वगैरे नेणं आम्हाला जमणार नाही, दोघांच्याही नोकऱ्या आहेत.

दादरची_आता_नाशिककर

इरूची आई, तुम्ही तिला उचलून घरी आणलंत ते शंभर टक्के बरोबर केलंत, हे आधी सांगते.

मी मुंबईत सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत बॅले शिकले, लग्नानंतर नाशिकला आले. मुंबईत याची मुळं जुनी आहेत, तुषना डॅलस यांनी १९६६ साली तिथे क्लासिकल बॅलेची शाळा काढली. मी अगदी साध्या क्लासला जायचे, पण शिकवणाऱ्या बाईंची शिस्त पक्की होती, त्या जोरावर लिहितेय. मी एखादं नाव सांगण्यापेक्षा क्लास ओळखायचा कसा ते सांगते, कारण आपल्याकडे शिक्षक बदलतात, शनिवार-रविवार मुंबईहून येणारे येईनासे होतात आणि बोर्ड मात्र तोच राहतो.

उशीर अजिबात झालेला नाही. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स ही १९२० पासूनची संस्था, तिचा अभ्यासक्रम आपल्याकडे बरेच जण शिकवतात. त्यांची प्री-प्रायमरीची पायरी पाचव्या वर्षापासून आणि प्रायमरी सहाव्यापासून. त्याआधी अडीच ते पाच वर्षांच्या मुलांसाठी त्यांचं वेगळं आहे, त्यात परीक्षा नाही, खेळ आणि गाणीच. रशियात सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकादमी, जिथून जगातले मोठमोठे नर्तक निघाले, ती मुलं घेते दहाव्या वर्षाच्या आसपास. दिल्लीचा कमल सिंग तर सतरा वर्षांचा असताना पहिल्यांदा बॅले शिकायला गेला, वडील ई-रिक्षा चालवायचे, आणि २०२० मध्ये त्याची निवड लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलला झाली. जाऊबाईंना हे नक्की सांगा.

साडेतीन वर्षांच्या मुलांचा चांगला क्लास बघितलात तर पहिल्यांदा वाटेल की हे बॅले कुठंय. पाय लांब करून गोल बसायचं, पावलं स्वतःकडे ओढायची आणि मग लांब टोक करायचं, इंग्रजी क्लासमध्ये याला गुड टोज नॉटी टोज म्हणतात, बाई गाणं म्हणतात आणि पोरं आपापल्या पावलांना रागावतात. मग उंदरासारखं चवड्यांवर हळूच चालायचं, घोड्यासारखं गॅलप करत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्युझिक थांबलं की आहे तिथे पुतळा. एका पायावर दोनतीन आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं. गुडघे थोडे वाकवायचे आणि सरळ करायचे, हेच पुढे जाऊन प्लिए होतं. शेवटी रांगेत उभं राहून वाकून बाईंना नमस्कार, त्याला रेव्हरन्स म्हणतात. झालं. अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं, आठवड्यातून एकदा. आठ-दहाच्या वर मुलं नकोत आणि बाईंच्या हाताखाली अजून एक ताई हवी, कारण अशा क्लासमध्ये कोणाला तरी मध्येच शू लागतेच.

फुलपाखरासारखं बसणं आमच्याकडेही होतं, पण पंख हलवायचे ते मुलांनी स्वतः. आमच्या बाई हात लावायच्या तो फक्त बोटाच्या टोकाने, म्हणजे खांदा कानाकडे गेला असेल तर खांद्यावर एक बोट, बस. बॅलेमध्ये पाय बाहेर वळलेले दिसतात ना, ते वळण खुब्यातून येतं, पावलं धरून फिरवली की गुडघा आणि घोटा पिळला जातो. या वयात तर पावलं थोडीशी उघडी ठेवून उभं राहिलं तरी पुष्कळ झालं. जो क्लास तीन वर्षांच्या मुलीला पावलं एका सरळ रेषेत करून उभी करतो किंवा स्प्लिटमध्ये दाबतो त्याच्या पायऱ्यासुद्धा चढू नका.

शूज. ते कपाटावरचे अजून वर, माळ्यावर टाका. ते पॉइंट शूज आहेत, पुढचं टोक कापड, कागद आणि खळीचे थर देऊन कडक केलेलं असतं आणि तळव्याखाली ताठ पट्टी असते, अख्ख्या अंगाचा भार बोटांच्या टोकावर घ्यायला. अकरा-बारा वर्षांच्या आत नाही आणि तेही तीनचार वर्षं नियमित शिकून घोटे, पोटऱ्या, पाठ तयार झाल्यावर, आणि तेव्हाही बाई पाय बघून हो म्हणतील तेव्हाच. मला बाराव्या वर्षी मिळाले, माझ्या मैत्रिणीला बाईंनी अजून वर्षभर थांबवलं होतं, ती रडरड रडली पण तिचे पाय आजही ठणठणीत आहेत. इरूला आत्ता काही नको, अनवाणी चालेल. क्लासमध्ये मागितलेच तर मऊ चामड्याचे किंवा कॅनव्हासचे साधे बॅले शूज, आणि कृपा करून वाढत्या मापाचे घेऊ नका, हे शूज हातमोज्यासारखे बसायला हवेत, मोठे असले की मूल ते पडू नयेत म्हणून बोटं आत दुमडून चालतं आणि सगळं चुकत जातं.

जमीन पण बघा. खरी बॅलेची जमीन लाकडाची, खाली पोकळी ठेवून बसवलेली असते, उडी मारली की किंचित दबते. आपल्याकडे बहुतेक क्लास गाळ्यात किंवा बेसमेंटला, स्लॅबवर थेट टाइल. एवढ्या लहान मुलांनी चाळीस मिनिटं तिथे चालणं-पळणं ठीक आहे, उड्या कमी हव्यात, पण टाइलवर मोजे म्हणजे पडायला आमंत्रण.

आणि शिक्षकांना स्पष्ट विचारा की तुम्ही कोणत्या पद्धतीने शिकलात, कितवीपर्यंत परीक्षा दिल्यात, लहान मुलांना शिकवायचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का. रॉयल अकॅडमीच्या साइटवर त्यांचे नोंदणी असलेले शिक्षक शोधता येतात, तिथे नाव टाकून बघा. जो खरा शिकलाय तो या प्रश्नाने चिडत नाही, उलट खूश होऊन अर्धा तास बोलत बसतो.

सिडकोवाली

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. फक्त फीबद्दल लिहिते. आम्ही मुलाला एका डान्स क्लासला घातलं तेव्हा वर्षाचे पैसे एकरकमी भरले, दोन महिन्यांनी शिक्षक सोडून गेले, नवीन आले ते मोबाइलवर गाणं लावून कोपऱ्यात बसायचे, पैसे परत मागितले तर पावतीवर बारीक अक्षरात लिहिलेलं दाखवलं. महिन्याच्या महिन्याला फी घेत असतील तरच घाला. आणि गॅदरिंगच्या ड्रेसचे किती घेणार ते आधीच विचारून ठेवा.

फिजिओ_नाशिकरोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे लहान मुलं पुष्कळ येतात, म्हणून गुडघ्यांबद्दल लिहायलाच हवं.

तीन-चार वर्षांच्या मुलांचे गुडघे आत वळलेले दिसणं हे बहुतेक वेळा अगदी नॉर्मल असतं. मूल चालायला लागतं तेव्हा पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते उलट आत येतात, म्हणजे गुडघे चिकटतात आणि घोटे लांब राहतात, आणि सात-आठ वर्षांपर्यंत आपोआप सरळ होतात. यासाठी बॅले लागत नाही, मालीश लागत नाही, स्पेशल बूट लागत नाहीत. तळव्याची कमानसुद्धा या वयात भरलेली दिसते, ती पण हळूहळू येते. एकाच पायाला बाक असेल, मूल लंगडत असेल, रात्री पाय दुखतात म्हणून उठत असेल किंवा बाक वाढत चालला असेल तर मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नाहीतर कोणी सरळ करून देतो म्हणालं तर त्याच्यापासून लांब राहा.

दाबण्याबद्दल, लहान मुलांचे सांधे आधीच लवचीक असतात, हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग मऊ कुर्चेचा असतो. बाहेरून जोर देऊन ताणायची गरजच नाही, आणि मूल ओरडलं तर ते लाड नव्हेत, ते शरीर सांगतंय की थांबा.

आता एक विचारायचं होतं, तुम्ही लिहिलंय की दिवसभर चवड्यांवर चालते. खेळ म्हणून चालत असेल तर काही नाही. पण काही मुलं सवयीने कायमच टाचा न टेकता चालतात आणि वयाच्या दोन-तीन वर्षांनंतरही तसंच राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवलेलं बरं. घरीच बघा, ती नकळत म्हणजे बॅले-बॅले खेळत नसताना, खिडकीत उभी असताना टाचा टेकलेल्या असतात का? उकिडवी बसली की टाचा जमिनीला राहतात का? पाय धुवून बाथरूममधून बाहेर येते तेव्हा फरशीवर पावलाचा पूर्ण ठसा उमटतो का? हे तिला न सांगता बघा, सांगितलं की मुलं मुद्दाम करून दाखवतात.

इरूची_आई (इंदिरानगर)

काय बोलू, तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. काल ऑफिसमधून आल्यावर दोनदा वाचून काढलं आणि जाऊबाईंना पण फॉरवर्ड केलं.

फिजिओताई, आज त्यातल्या दोन गोष्टी बघितल्या. आजी मेथी निवडत बसल्या होत्या तर ही समोर उकिडवी बसून देठं तोडत होती, दहा मिनिटं तरी, दोन्ही टाचा घट्ट फरशीला. आणि अंघोळीनंतर बाथरूमपासून बेडरूमपर्यंत पूर्ण पावलांचे ठसे, टाचेसकट, एवढेसे, मी फोटोच काढून ठेवला. म्हणजे चवड्यांवर चालणं हा खेळच आहे. मला किती हलकं वाटलं सांगू.

शूज माळ्यावर गेले. नणंदेला फोन करून नीट सांगितलं, ती बिचारी फार वाईट वाटून घेत होती, हौसेने आणलेले, मी म्हटलं अगं बारा वर्षांची झाली की तूच तिला दुकानात घेऊन जा आणि मापाचे घे.

आता सासऱ्यांचा प्रश्न राहिलाय. ते रागाने नाही म्हणत, त्यांच्या बहिणी कथ्थक शिकलेल्या, त्यांना वाटतं की परक्याचं कशाला. मला कळत नाहीये की या वयात कथ्थक जास्त बरं का.

पंचवटीतून_तत्कार

मी गेली अठरा वर्षं कथ्थक शिकवते, त्यामुळे तुमच्या सासऱ्यांचा शब्द मला गोड वाटणारच, पण खरं ते सांगते. माझ्याकडे साडेतीन वर्षांची मुलं आली तर मी परत पाठवते. सहा पूर्ण झाल्याशिवाय मी घेत नाही, अगदी ओळखीचं कोणी असलं तरी पाचच्या आत नाहीच. कथ्थकमध्ये पहिल्या दिवसापासून तत्कार असतो, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, अख्खा तळवा फरशीवर आपटायचा, आणि तो लयीत, मोजून, पुन्हा पुन्हा. एवढ्याशा पायांना ते नको आणि एवढ्याशा मनाला तर त्याहून नको, दोन आठवड्यांत कंटाळून त्यांना नाचाचीच नावड लागते. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बसणाऱ्या माझ्या मुलीसुद्धा सात-आठ वर्षांच्या असतात.

दोन्हींची तुलना करून एक निवडा असंही मी म्हणणार नाही, कारण अंगाची ठेवण वेगळी आहे. कथ्थकमध्ये आपण ताठ, पाय समांतर, गुडघे सरळ, भार जमिनीत. बॅलेत पाय बाहेर वळलेले आणि सगळी धडपड जमिनीपासून वर जायची. भरतनाट्यमची अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, दिसायला बॅलेच्या जवळ जाते, कथ्थक नाही.

सासऱ्यांना एक गोष्ट सांगा, त्यांना आवडेल. रुक्मिणीदेवी अरुंडेल, ज्यांनी १९३६ साली चेन्नईत कलाक्षेत्राची सुरुवात केली आणि भरतनाट्यमला देशभर मान मिळवून दिला, त्या आधी बॅले शिकल्या होत्या. रशियाची थोर बॅले नर्तकी अ‍ॅना पावलोवा हिच्याशी त्यांची मैत्री झाली, तिच्याच कंपनीतल्या क्लिओ नॉर्दीकडे त्या शिकल्या, आणि पावलोवानेच त्यांना सुचवलं की तुमच्या स्वतःच्या देशातलं नृत्य शोधा. त्यामुळे इरू आत्ता उंदरासारखी चवड्यांवर चालली, तालावर थांबायला शिकली, तर त्यात कथ्थकचं काही बिघडत नाही, उलट सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कळायला मदतच होईल. सहा वर्षांची झाली की घेऊन या, तेव्हा तिला विचारू. तोपर्यंत घरी तबला-पेटीचं काहीही लावा आणि आजोबांनी हाताने टाळी धरावी, तिला चालू दे त्यावर, हा क्लास फुकट आहे आणि आजोबांना याहून चांगलं काम नाही.

ओजसचा_बाबा

उशिरा लिहितोय, धागा आजच बघितला. आम्ही याच परिस्थितीतून गेलोय, फरक इतकाच की आमचा मुलगा आहे, आता पाच वर्षांचा. त्याला पण चारच्या आसपास हेच वेड लागलं आणि शेजारपाजारचे, नातेवाईक सगळे म्हणायला लागले की मुलगा असून बॅले. मला आधी उत्तर सुचायचं नाही, मग मी थोडं वाचलं. फ्रान्सचा चौदावा लुई राजा स्वतः नाचायचा, त्याने १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी काढली, आणि पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर पहिल्या व्यावसायिक नर्तकी आल्या त्या १६८१ मध्ये, तोपर्यंत बायकांची कामंसुद्धा पुरुषच करायचे. आणि आपल्या मुंबईतलेच अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान, एकाचे वडील वेल्डिंगचं काम करणारे, दुसऱ्याचे टॅक्सीचालक, येहुदा माओर या शिक्षकांकडे शिकून परदेशापर्यंत गेले. आता कोणी म्हणालं तर मी शांतपणे हे सांगतो, भांडत नाही.

मुद्द्याचं सांगतो. आम्हाला मनासारखा क्लास मिळाला नाही म्हणून आम्ही सहा घरांनी मिळून तो जमवला. एक ताई आहेत, मुंबईत शिकलेल्या, परीक्षा दिलेल्या, लग्न होऊन इकडे आल्या आणि नोकरी करतात, क्लास काढायचं त्यांच्या मनात नव्हतं. आम्ही विचारलं की रविवारी पाऊण तास द्याल का. जागेचं अडलं होतं, टाइलवर नको म्हणाल्या, फोमच्या जोडायच्या मॅट पण नको कारण पाय रुततो आणि जोडात बोट अडकतं. मग एकाला सुचलं की बॅडमिंटनचा हॉल! लाकडी कोर्ट असतं ते, खालून पोकळ, उडी मारली की तेच किंचित दबतं जे वर दादरच्या ताईंनी लिहिलंय. रविवारी सकाळी दहानंतर खेळणारे घरी जातात, तेव्हा तासाच्या भाड्याने मिळतो, सहाजणांत वाटून फार काही पडत नाही. आईवडील भिंतीला खुर्च्या टाकून बसतात, अट एकच, मोबाइल बाहेर काढायचा नाही आणि आपल्या मुलाला लांबून सूचना द्यायच्या नाहीत. ही अट पाळणं आम्हाला मुलांपेक्षा जड गेलं.

सध्या सात मुलं आहेत, ताई नऊच्या वर घेत नाहीत. तुम्हाला मेसेज करतोय, रविवारी नुसतं बघायला या, पैसे वगैरे नंतर.

इरूची_आई (इंदिरानगर)

काल जाऊन आलो!

सविस्तर लिहिते कारण तुमच्यामुळेच झालंय हे. इंदिरानगरच्या बोगद्यातल्या ट्रॅफिकमध्ये अडकायला नको म्हणून साडेनऊलाच निघालो, सासरे पण आले, मला वाटलं नव्हतं. हॉलच्या दारातच इरू थबकली, माझी ओढणी मुठीत धरली आणि म्हणाली इथे पण दुखतं का. ताईंनी ते ऐकलं. त्या तिथेच जमिनीवर बसल्या, तिच्यापेक्षा खाली, आणि म्हणाल्या इथे कोणी तुला हात लावणार नाही, तू आईजवळ बसून बघ, मला मोजायला मदत करशील का. एवढंच. परत तिच्याकडे वळून पण बघितलं नाही.

पाऊण तासातली तीस मिनिटं ती माझ्या खुर्चीच्या मागे उभी होती. मुलं पावलांना रागावत होती तेव्हा हसली. मग गॅलप सुरू झालं, म्युझिक थांबलं की पुतळा, आणि तिसऱ्या वेळी मला मागे वळून बघावं लागलं कारण ओढणी सैल झाली होती, ही खुर्चीमागून बाहेर येऊन एक पाय उचलून पुतळा झालेली, ती घरी खुर्चीची पाठ धरून उभी राहते ना तशीच, पण यावेळी काहीही न धरता. डगमगत होती पण पाय खाली ठेवला नाही. शेवटच्या नमस्काराला ती रांगेत होती, ओजसच्या शेजारी.

सासरे परत येताना गाडीत काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी ऑफिसचं काम करत बसले होते तर हॉलमधून टाळीचा आवाज, एक दोन तीन चार, आणि मध्येच थांबली की "पुतळा!" असं ती ओरडते. अर्धा तास चालू होतं. कथ्थकवाल्या ताई, तुमची रुक्मिणीदेवींची गोष्ट मी त्यांना सांगितली होती, नाव लक्षात ठेवलंय त्यांनी, मला म्हणाले सहा वर्षांची झाली की पंचवटीत जाऊ.

पुढच्या रविवारपासून जातोय. ताई म्हणाल्या महिनाभर अनवाणीच येऊ द्या, नंतर मऊ शूज घ्या. मी आजच घेऊन आले, तिला घालून, उभं करून, मापाचेच. पण त्याला इलॅस्टिक सुटं दिलंय, ते आपण शिवायचं असतं म्हणे, कुठे शिवायचं ते कळेना, दादरच्या ताई सांगाल का?

दादरची_आता_नाशिककर

वाचून डोळे भरले माझे.

इलॅस्टिक असं शिवा. शूजची टाच आतल्या बाजूला, तळव्याच्या दिशेने दुमडा, म्हणजे दोन्ही बाजूंना घडीचा एक कोपरा तयार होतो, तिथे आतून पेन्सिलने खूण करा. खुणेवर इलॅस्टिकचं टोक आतल्या बाजूने ठेवा, सरळ उभं नाही, जरासं पुढे कललेलं. आधी टाचणीने लावा, तिला घालून उभी करा, इलॅस्टिक घोट्यापुढे बसायला हवं आणि खाली तुमचं एक बोट सहज जायला हवं, चट्टा उमटेल इतकं घट्ट नको. मग दुहेरी दोऱ्याने चौकोनात शिवा. शूजच्या काठाच्या आत जी बारीक नाडी फिरते ती सुईत धरू नका, ती शिवली गेली की शूज आवळता येत नाहीत, माझ्या आईने पहिल्यांदा तेच केलं होतं आणि रात्री अकरा वाजता सगळं उसवत बसली होती. नाडी आवळून झाली की पुढे गाठ मारा आणि टोकं आत खोचा, लोंबती ठेवू नका, पायात येतात.

दुसरा शूज पहिल्याच्या शेजारी ठेवून मगच खूण करा, नाहीतर एक वर एक खाली होतं.